वाऱ्याचा रेटा आणि आपले कान

वडिवळ्याहून कामशेतमार्गे मोटारसायकलीने पुण्यास निघालो, की आम्ही जुना महामार्गच धरतो. द्रुतगती मार्गावर दुचाकीस मज्जाव आहे. वेग ताशी ४० किलोमीटरवरून ८० झाला, की वाऱ्याचा रेटा दुप्पट नव्हे, चौपट होतो. मग आपण मुठी आवळतो आणि गाडी अधिकच डळमळते. त्यापेक्षा गुडघ्यांनी टाकी धरावी, हात सैल ठेवावेत.

कानांची हानी मात्र जाणवतही नाही. ताशी ६५ च्या पुढे हेल्मेटभोवती घोंगावणारा वारा इंजिनाहून मोठा वाजतो. १०० डेसिबलचा आवाज दिवसाकाठी १५ मिनिटांहून अधिक सोसू नये, असे शास्त्र सांगते. हेल्मेट घट्ट बसणारे असावे, कानांत फोमचे बोळे घालावेत आणि वेग आवरावा. गेलेली श्रवणशक्ती परत येत नाही. चार मिनिटे वाचविण्यासाठी ती गमवावी काय?