पाणी, पावित्र्य आणि जलदान

वस्तीत कोणी वारले की काही दिवसांनी एक पत्रिका हाती येते. तिच्यावर बुद्धाचे आणि बाबासाहेबांचे छायाचित्र असते आणि खाली छापलेले असते : 'जलदान विधी व पुण्यानुमोदन'. महाराष्ट्रातल्या बौद्ध समाजात हा विधी आता इतका रूढ झाला आहे की त्याचा अर्थ विचारण्याची गरज सहसा कुणाला वाटत नाही. पण विचारणारे आहेत, आणि ते बहुधा तरुण आहेत. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला आपण बावीस प्रतिज्ञा घेतल्या. श्राद्धपक्ष करणार नाही, पिंडदान करणार नाही, ही त्यांतलीच एक प्रतिज्ञा. मग मृताच्या नावाने भांड्यात पाणी ओतणे हे काय आहे? नाव बदललेले तर्पणच ना? हा प्रश्न उद्धटपणाचा म्हणून झटकून टाकता येणार नाही. ज्या समाजाने पाण्यासाठी रक्त सांडले, त्या समाजाने आपल्या विधीतल्या पाण्याचा अर्थ नीट समजून घेतलाच पाहिजे.

पाण्याविषयीचा आदर ही काही ब्राह्मणी परंपरेची मक्तेदारी नव्हे. जिथे जिथे माणूस शेती करू लागला, तिथे तिथे त्याने पाण्यापुढे हात जोडले. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातले नववे सूक्त आपःदेवतांना उद्देशून आहे. त्यात पाण्याला सुखदायी, बळ देणारे, औषधरूप मानले आहे. आपल्या आयाबायाही विहिरीच्या आणि नदीच्या काठी साती आसरांना हळदकुंकू वाहत आल्या. त्यांना ना भटजी लागला, ना मंत्र. खोल पाण्याची भीती आणि लेकराबाळांची काळजी, एवढाच त्या पूजेचा आशय. ती आज आपण सोडली, आणि सोडली ते योग्यच झाले. पण त्या बायकांनी कुणाला पाणवठ्यावरून हाकलले नव्हते, हेही नोंदवून ठेवले पाहिजे.

प्रश्न आहे तो आदराचे पावित्र्यात आणि पावित्र्याचे विटाळात रूपांतर कसे झाले हा. पाणी मळ धुते, हा रोजचा अनुभव. या अनुभवावर दोन कल्पना चढवल्या गेल्या. पाणी अंगाचा मळ धुते तसे पापही धुते, ही पहिली. आणि जे सगळ्यांना शुद्ध करते तेच सर्वांत लवकर बाटते, ही दुसरी. वरवर पाहता या दोन कल्पना एकमेकींच्या विरुद्ध आहेत. पाण्यात पाप धुण्याची शक्ती असेल तर एका माणसाच्या स्पर्शाने ते बाटेल कसे? पण समाजरचनेत त्या दोन्ही एकाच कामी आल्या. पहिलीने पुरोहिताला काम दिले, दुसरीने जातीला कुंपण दिले.

हे कुंपण किती बारीक विणले होते ते पाहण्यासाठी आचमनाचेच उदाहरण घ्या. तळहातावर चार थेंब घेऊन ते प्यायचे, एवढाच हा विधी. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायातल्या बासष्टाव्या श्लोकात त्याचे माप दिले आहे. ब्राह्मण शुद्ध होतो ते पाणी हृदयापर्यंत पोचल्यावर, क्षत्रिय कंठापर्यंत पोचल्यावर, वैश्य ते तोंडात घेतल्यावर, आणि शूद्राला नुसता ओठाचा स्पर्श पुरे. एकाच पळीतले पाणी, पण वर्णागणिक ते शरीरात किती खोल जाऊ द्यायचे तेही ठरलेले! आणि जो वर्णाच्याच बाहेर, त्याच्यासाठी या श्लोकात जागाच नाही. मनुस्मृती हा केवळ शिक्षांचा ग्रंथ आहे असे समजणाऱ्यांनी हा श्लोक अवश्य पाहावा. इथे शिक्षा नाही, मारहाण नाही. रोजच्या सकाळच्या धर्मकृत्यात विषमता पाण्याच्या घोटाबरोबर गिळायला लावली आहे.

गावगाड्यातही हेच माप चालले. 'अमक्याच्या हातचे पाणी चालते, तमक्याच्या हातचे चालत नाही' हा आपल्या भाषेतला प्रयोग जातींची उतरंड सांगण्यासाठीच वापरला गेला. महाराने फोडलेली लाकडे चितेला चालत, त्याने राखलेली सीमा चाले, त्याने ओढून नेलेले मेलेले ढोर तर चालेच चाले. त्याने मळलेल्या कणसांचे दाणे धन्याच्या कणगीत जात. कोरडे ते सर्व चालले, ओले तेवढे बाटले. कष्ट घ्यायचे पण माणूस घ्यायचा नाही, ही किमया पाण्याच्या पावित्र्याने साधली.

नाथांची एक कथा महाराष्ट्रात घरोघर सांगितली जाते. काशीहून रामेश्वराला नेत असलेली गंगेची कावड त्यांनी वाटेत तहानेने तडफडणाऱ्या गाढवाच्या तोंडी रिकामी केली. कथा सुंदर आहे, आणि ती सांगणाऱ्याच्या मनातली करुणा खोटी म्हणण्याचे कारण नाही. पण ही कथा ऐकून डोळे पुसणाऱ्या गावांत गाढवाला तळे खुले होते आणि महाराला बंद होते, हेही तितकेच खरे. संतांची करुणा कीर्तनात राहिली आणि पाणवठ्यावर मनूच राहिला.

जोतीराव फुल्यांनी १८६८ साली आपल्या घराचा हौद अस्पृश्यांना खुला केला, तेव्हा त्यांनी पाण्याच्या पावित्र्यावर व्याख्यान दिले नाही. हौद खुला केला. १९२३ साली सी. के. बोले यांच्या ठरावाने मुंबई कायदेमंडळात सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचे धोरण मान्य झाले. १९२४ साली महाड नगरपालिकेने चवदार तळ्यापुरता तसा ठरावही केला. ठराव दप्तरात राहिला. तळ्यावर मुसलमान जात, ख्रिस्ती जात, गुरेढोरे जात. १९२७ च्या मार्चमध्ये महाडला परिषद भरली तेव्हा तिच्यासाठी लागणारे पाणी चाळीस रुपये मोजून स्पृश्यांकडून घ्यावे लागले. २० मार्चला बाबासाहेबांच्या मागोमाग लोक तळ्यात उतरले आणि ओंजळभर पाणी प्याले. त्यानंतर परतणाऱ्या लोकांवर हल्ला झाला, हे सर्वश्रुत आहे.

इथे मला लक्ष वेधायचे आहे ते हल्ल्याकडे नव्हे, तर त्यानंतरच्या शुद्धीकरणाकडे. लाठीची भाषा कुठल्याही जुलमाला येते. पण महाडच्या सनातन्यांनी पुढे जे केले ते फक्त विटाळाच्या शास्त्रालाच सुचू शकते. तळ्यातले थोडे पाणी मडक्यांनी बाहेर काढले गेले. मग दूध, दही, शेण आणि गोमूत्र भरलेल्या एकशे आठ घागरी मंत्रघोषात तळ्यात बुडवल्या गेल्या आणि पाणी शुद्ध झाल्याचे जाहीर झाले. गंगेत प्रेते सोडली, राख टाकली तरी ती बाटत नाही असे सांगणारी परंपरा, आणि माणसांच्या ओंजळीने अख्खे तळे बाटले असे म्हणणारी परंपरा, एकच आहे. तेव्हा पावित्र्य पाण्याच्या अंगी नसते, ते कुणाच्या तरी सत्तेत असते. तळे कुणाच्या मालकीचे आणि कोण कुणाला अडवू शकतो, या प्रश्नाला शुद्धाशुद्धतेचा पोशाख घातलेला होता. म्हणूनच मंत्रांनी भागले नाही तेव्हा तीच मंडळी कोर्टात गेली आणि तळे खाजगी असल्याचा, अस्पृश्यांना बंदी ही अनादी रूढी असल्याचा दावा करू लागली. १९३७ च्या मार्चमध्ये मुंबई हायकोर्टाने ती रूढी सिद्ध झाली नाही असा निर्णय दिला. गोमूत्राने मिळवलेली शुद्धता साक्षीपुराव्यापुढे टिकली नाही.

डिसेंबर १९२७ च्या परिषदेत बाबासाहेबांनी स्पष्टच सांगितले होते की, या तळ्याचे पाणी प्याल्याने आपण अमर होणार आहोत असे नाही. इतरांप्रमाणे आपणही माणसे आहोत हे सिद्ध करण्यासाठी आपण तळ्यावर जात आहोत. हे सांगणे फार महत्त्वाचे आहे. त्यांनी चवदार तळ्याला तीर्थ केले नाही. त्याचे तीर्थपण नाकारूनच ते त्याच्या काठावर गेले. पुढे घटनेच्या पंधराव्या कलमात विहिरी, तळी आणि स्नानघाट यांचा नावानिशी उल्लेख आला. १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्यात दलित-आदिवासींच्या वापरातले पाणी घाण करणे हा स्वतंत्र गुन्हा ठरला. ज्या देशात असा गुन्हा कायद्यात वेगळा लिहावा लागतो, त्या देशात पाण्याचे अध्यात्म सांगणाऱ्याने जरा दबकूनच बोलावे.

आता बुद्धाकडे वळू. पापक्षालनासाठी नदीत बुडी मारण्याची चाल बुद्धाच्या काळीही जोरात होती. मज्झिमनिकायाच्या सातव्या सुत्तात सुंदरिक भारद्वाज नावाचा ब्राह्मण बुद्धाला विचारतो, आपण बाहुका नदीवर स्नानाला जाता काय? बुद्ध त्याला नद्यांची आणि तीर्थांची एक यादीच ऐकवतात. तीत गया आहे, प्रयाग आहे, सरस्वती आहे. आणि सांगतात की दुष्कर्म करणारा तिथे कितीही वेळा नाहला तरी त्याचे कर्म धुतले जात नाही. खोटे बोलत नसशील, हिंसा करत नसशील, न दिलेले घेत नसशील, तर गयेला जाऊन काय करणार? तुझी घरची विहीरही गयाच आहे. म्हणजे तीर्थ मोडीत काढताना बुद्धाने साध्या विहिरीची पायरी तीर्थाच्या बरोबरीची केली.

पण याहून धारदार युक्तिवाद केला तो एका दासीने. थेरीगाथेत पुण्णिका थेरीच्या सोळा गाथा आहेत. अट्ठकथेप्रमाणे ती अनाथपिंडिकाच्या घरच्या दासीची मुलगी. पाणी भरणे हे तिचे काम. ऐन थंडीत, मालकिणींच्या माराच्या भीतीने ती नदीत उतरे. तिथेच एक ब्राह्मण कुडकुडत पाण्यात उभा असतो. ती त्याला विचारते, मला तर भीती आहे म्हणून मी उतरते, तुम्हाला कुणाची भीती? तो पापक्षालनाचे सांगतो. त्यावर ती म्हणते की तसे असेल तर बेडूक, कासवे, मगरी हे सगळे स्वर्गाला जाणार. खाटीक, चोर, खुनीही बुडी मारून मोकळे होणार. आणि या नद्या पाप वाहून नेत असतील तर पुण्यही वाहून नेतील, मग तुम्ही दोहोंनाही मुकाल. ब्राह्मण निरुत्तर होतो आणि पुढे बुद्धाला शरण जातो. हजारो वर्षांच्या आपल्या साहित्याचा इतिहास लिहिणारे या पाणक्या बाईपासून सुरुवात का करीत नाहीत, याचे मला नेहमी नवल वाटते. पाण्याचे ओझे जिने डोक्यावर वाहिले तिलाच पाण्याचे खरे वजन कळले होते.

दिव्यावदानातली प्रकृतीची कथाही याच जातीची. आनंद विहिरीवर पाणी मागतो, ती आपण मातंगाची मुलगी असल्याचे सांगते, आणि आनंद म्हणतो की मी जात विचारली नाही, पाणी मागितले. टागोरांनी याच कथेवर 'चंडालिका' लिहिले. आणि बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथात सिद्धार्थाच्या गृहत्यागाचे कारण म्हातारा, रोगी आणि प्रेत न मानता रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलिय यांच्यात पेटलेला तंटा हे मानले. पाणी म्हणजे वाटपाचा प्रश्न, पावित्र्याचा नव्हे, ही दृष्टी त्यात आहे.

या पार्श्वभूमीवर जलदानाकडे पाहावे. दान देताना पाणी ओतण्याची चाल जुनी आहे. बिंबिसाराने वेळुवन संघाला दिले तेव्हा सोन्याच्या झारीने पाणी सोडले असे विनयपिटकात आहे. 'एखाद्या गोष्टीवर पाणी सोडणे' हा आपला वाक्प्रचारही याच चालीतून आला. पाणी सोडले की वस्तूवरचा हक्क सुटला. इथे पाणी काहीही पवित्र करीत नाही; ते साक्षीपुरते आहे, आजच्या सहीशिक्क्यासारखे.

जलदानाच्या वेळी ज्या गाथा म्हटल्या जातात त्या मुख्यतः तिरोकुड्ड सुत्तातल्या. त्यांतली उपमा अशी की, उंचावर पडलेले पाणी जसे सखल भागाकडे वाहते, भरलेल्या नद्या जशा सागर भरतात, तसे इथे दिलेले दान दिवंगतांच्या उपयोगी पडते. विधीत ओतले जाणारे पाणी म्हणजे ही उपमाच डोळ्यांनी दाखवणे. दिवंगताने ते प्यावे अशी कल्पना त्यात नाही. तर्पणात पाणी हेच दान असते; जलदानात दान वेगळेच असते, ते भिक्षुसंघाला, गरजूंना, संस्थेला दिले जाते, आणि पाणी त्याची खूण असते. हा फरक मोठा आहे.

तरीही एक गोष्ट झाकून ठेवण्यात अर्थ नाही. तिरोकुड्ड सुत्तात भिंतीबाहेर येऊन उभ्या राहणाऱ्या प्रेतांचे वर्णन आहे, आणि आत्मा नाकारणाऱ्या आपल्या बुद्धिवादी धम्माला ते अवघडच जाते. अंगुत्तरनिकायात जाणुस्सोणी ब्राह्मण श्राद्ध पोचते का असे विचारतो. बुद्ध त्याला एका योनीपुरते पोचते असे सांगतात, आणि कुणाला पोचले नाही तरी देणारा निष्फळ राहत नाही, असेही सांगतात. मला यातला शेवटचा भाग मोलाचा वाटतो. विधीचा भार मेलेल्याकडून जिवंताकडे, मिळण्याकडून देण्याकडे, तिथे सरकलेला आहे. ज्यांना प्रेतयोनी मान्य नाही त्यांनाही दानाचा भाग मान्य करण्यास अडचण नसावी.

म्हणून व्यवहारात दोनतीन गोष्टी करण्यासारख्या आहेत. बौद्धाचार्यांनी पाणी ओतण्यापूर्वी गाथांचा अर्थ मराठीत सांगावा. पाली न कळणाऱ्या घरात नुसत्या पठणाने गाथा पुन्हा मंत्र होते. दान काय दिले, कुणाला दिले, ते तिथेच सांगावे. जिथे फक्त पाणी ओतले जाते आणि दान काहीच नसते, तिथे विधीची खूण उरते आणि विधी हरवतो. वसतिगृहातल्या एखाद्या मुलाची वर्षाची पुस्तके, वाचनालयाला वर्गणी, पाणपोई, यांपैकी काहीही चालेल. गावजेवणाने मात्र दुःखात असलेल्या घरावर कर्जच चढते.

आणि परित्राणपाठाच्या पाण्याचे काय? वैशालीत रोगराई आली तेव्हा आनंदाने बुद्धाच्या पात्रातले पाणी नगरात शिंपडले, अशी रतनसुत्ताच्या अट्ठकथेतली कथा त्यामागे आहे. सुत्तात मात्र पाण्याचा प्रभाव सांगितलेला नाही, बुद्ध, धम्म आणि संघ यांचे गुण सांगितले आहेत. आपल्याकडे पाठ संपला की ते पाणी घेण्यासाठी झुंबड उडते, आजाऱ्याला औषधाऐवजी ते पाजणारेही भेटतात. २० मार्चला महाडला जाणारे काही जण तळ्याचे पाणी बाटलीत भरून देव्हाऱ्यात ठेवण्यासाठी घरी आणतात. त्यांच्या भावनेचा अनादर करायचा नाही, पण त्यांच्याशी बोलायला हवे. जलदानाचे ताटात जमलेले पाणीही कुणाच्या ओंजळीत तीर्थ म्हणून देऊ नये. विधी संपला की ते जवळच्या झाडाच्या मुळाशी ओतावे.