डोकेदुखीमागचे दुखणे

दहावीतली मुलगी महिनाभर डोके दुखते म्हणून दवाखान्यात येते. तपासण्यांत काही निघत नाही. किशोरवयातले नैराश्य अनेकदा असेच अंगदुखी, चिडचिड, उडालेली झोप यांच्या रूपाने येते. १९९६ मध्ये सुरू झालेल्या जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमात प्राथमिक आरोग्य केंद्रांतल्या डॉक्टरांना मनोविकार ओळखायला शिकवतात. लक्षणे दोन आठवडे टिकली, तर पालकांना बाहेर बसवून मुलीशी बोलायचे. जगणे नकोसे वाटते का, हेही सरळ विचारायचे. विचारल्याने तो विचार मनात शिरत नाही, उलट मन मोकळे होते. त्रास सौम्य असेल तर समुपदेशन आणि घरचा आधार. तीव्र असेल तर मानसोपचारतज्ज्ञ. तेव्हा आईबाबांनो, ‘नाटके करू नकोस’ म्हणण्याआधी तिला डॉक्टरांकडे न्या, आणि घटकाभर बाहेर बसा!