पाप करा, कबुली द्या, मोकळे व्हा? ख्रिस्ती धर्म असे सांगत नाही

‘ख्रिस्ती लोकांचं बरं असतं. आठवडाभर काहीही करा, रविवारी फादरच्या कानात सांगा, झालं!’ लोकलच्या डब्यात, कचेरीत, लग्नाच्या पंगतीत, अगदी शिकल्यासवरल्या माणसांच्या तोंडूनही हे वाक्य मी इतक्यांदा ऐकले आहे की आता ते कानाआड करणे योग्य वाटत नाही. बोलणाऱ्याच्या मनात बहुधा वाईट काही नसते. लाकडी जाळीआड बसलेला पाद्री आणि समोर गुडघे टेकलेला गुन्हेगार त्याने हिंदी चित्रपटांत पाहिलेला असतो. पण पाप, पश्चात्ताप, क्षमा आणि कृपा हा ख्रिस्ती श्रद्धेचा गाभा आहे, आणि हे एक वाक्य त्या गाभ्याचाच उलटा अर्थ लावते.

पहिली वस्तुस्थिती अशी की फादरकडे जाऊन कबुली देण्याची प्रथा सगळ्या ख्रिस्ती लोकांत नाही. कॅथलिक आणि ऑर्थोडॉक्स परंपरांमध्ये तो संस्कार आहे. वसईचे कॅथलिक तो पाळतात. गोव्यात कोकणीत त्याला ‘कुमसार’ म्हणतात. अहिल्यानगर, सोलापूर, पुण्याकडच्या प्रोटेस्टंट मंडळ्यांमध्ये मात्र उपासनेच्या वेळी सगळे मिळून थेट देवासमोर पापांची कबुली देतात. पाळकाला एकांतात पापे सांगण्याचे बंधन तिथे नाही.

आता कॅथलिकांचे पाहू. नुसते सांगितले की क्षमा मिळाली, असे त्यांच्या धर्मात कुठेही लिहिलेले नाही. 1551 साली ट्रेंटच्या धर्मपरिषदेने या संस्कारात माणसाकडून तीन गोष्टी अपेक्षिल्या: मनापासून पश्चात्ताप, पापांची कबुली आणि प्रायश्चित्त. पश्चात्ताप कशाला म्हणायचे, हेही परिषदेने सांगून ठेवले. केलेल्या पापाचे दुःख, त्याची घृणा आणि ते पुन्हा न करण्याचा निश्चय, हे सारे त्यात हवे. 1983 च्या कॅथलिक धर्मसंहितेतील 987 वे कलम हेच सांगते: पाप नाकारण्याची आणि सुधारण्याची इच्छा असेल, तरच या संस्काराचा लाभ होतो. ‘पुढच्या आठवड्यात हेच करणार, आज तेवढी क्षमा द्या’ असे मनात धरून जाणाऱ्याची कबुली चर्चच्या दृष्टीने निष्फळ असते. समोरच्या माणसाला खरेच पश्चात्ताप झाला आहे का, अशी रास्त शंका असेल तर क्षमा रोखण्याचा किंवा पुढे ढकलण्याचा अधिकार फादरला आहे. 980 व्या कलमातून हे स्पष्ट होते.

आणि क्षमा मिळाल्यावर? तिथेही हिशेब संपत नाही. 1992 च्या कॅथलिक धर्मशिक्षण ग्रंथात परिच्छेद 1459 पाहावा. चोरलेली वस्तू परत करणे, बदनामी केली असेल तर त्या माणसाचे नाव पुन्हा स्वच्छ करणे, इजा केली असेल तर भरपाई देणे, ही साध्या न्यायाची मागणी आहे, असे तो सांगतो. शेजाऱ्याचा बांध कोरला आणि त्याने मोठ्या मनाने माफ केले, तरी कोरलेली जमीन परत द्यावीच लागते. तसेच हे आहे. लूकच्या शुभवर्तमानाच्या 19 व्या अध्यायातला जकातदार जक्कय येशूला भेटल्यावर नुसता रडत बसला नाही. अर्धी संपत्ती गरिबांना देण्याची आणि ज्याला फसवले त्याला चौपट परत करण्याची तयारी त्याने दाखवली. मत्तयाच्या 5 व्या अध्यायात तर येशूने भक्ताला अर्पण वेदीपाशीच ठेवून आधी दुखावलेल्या भावाशी समेट करायला पाठवले आहे. देवाची क्षमा माणसाला वगळून मिळवता येत नाही, हा याचा सरळ अर्थ.

गुप्ततेबद्दलही गोंधळ आहे. कबुलीत ऐकलेले फादर कुणालाही सांगू शकत नाही, हे खरे आहे. 983 वे कलम त्याला बांधून ठेवते आणि ते थेट मोडणारा फादर आपोआप धर्मबहिष्कृत होतो. पण म्हणून गुन्हेगाराची कायद्यातून सुटका होत नाही. चर्चमध्ये मिळालेली क्षमा न्यायालयाची शिक्षा रद्द करत नाही आणि कोणताही फादर तसे सांगत नाही.

सर्वांत चीड येते ती वेगळ्याच कारणाने. या आक्षेपाचे उत्तर जवळजवळ दोन हजार वर्षांपूर्वी दिले गेले आहे, तरी ते कुणी वाचत नाही. कृपा वाढावी म्हणून आपण पाप करत राहावे काय, हा प्रश्न संत पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या 6 व्या अध्यायात स्वतःच उभा केला आणि निःसंदिग्ध नकार दिला. 1517 मध्ये मार्टिन ल्यूथरने 95 सिद्धांत मांडले, त्यांतला पहिलाच सांगतो की श्रद्धावंताचे सारे आयुष्य पश्चात्तापाचे असावे. जर्मन धर्मशास्त्रज्ञ डीट्रिश बोनहोफर याने 1937 साली पश्चात्तापाशिवायच्या क्षमेला ‘स्वस्त कृपा’ म्हटले आणि ती चर्चची वैरीण ठरवली. हिटलरच्या राजवटीला विरोध केल्याबद्दल 9 एप्रिल 1945 रोजी त्याला फासावर चढवले गेले. कृपा महाग असते, हे त्याने जगून दाखवले.

मग कृपा म्हणजे काय? क्षमा माणूस कमावू शकत नाही, ती देव देतो, अशी ख्रिस्ती श्रद्धा आहे. चांगली कामे ही त्या क्षमेची किंमत नव्हे. ती तिची फळे आहेत. यावरून कॅथलिक आणि ल्यूथरन शतकानुशतके भांडले. अखेर 31 ऑक्टोबर 1999 रोजी जर्मनीतल्या आउग्सबुर्ग शहरात दोघांनी या मूळ मुद्द्यावर एकत्र सही केली.

हेही मान्य केले पाहिजे की या गैरसमजाला इतिहासाने खतपाणी घातले. सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला युरोपात पापदंडमाफीची पत्रे उघडपणे विकली जात होती. तो धर्माच्या नावावर मांडलेला बाजार होता आणि ल्यूथरचा संताप रास्त होता. चर्चच्या शिकवणीतही दंडमाफी म्हणजे पापाची क्षमा नव्हती. आधीच क्षमा झालेल्या पापाचा उरलेला दंड कमी करणे, एवढाच तिचा अर्थ होता. विकणाऱ्यांनी तो धुळीस मिळवला. 1563 मध्ये ट्रेंटच्या परिषदेनेच या विक्रीवर बंदी आणली. चारशेहून अधिक वर्षांपूर्वी चर्चने स्वतः बंद केलेल्या गैरप्रकाराला आजही ख्रिस्ती शिकवण म्हणणे अन्यायाचे आहे.

इतर काही गैरसमज थोडक्यात.

‘ख्रिस्ती तीन देव मानतात.’ नाही. नायसियाचा विश्वासांगीकार एकाच देवावरील विश्वासाने सुरू होतो. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा या तीन व्यक्ती, पण देव एक.

‘325 साली नायसियाच्या धर्मपरिषदेत मत घेऊन येशूला देव ठरवले.’ सुमारे 112 साली रोमन अधिकारी प्लिनीने सम्राट ट्रेजनला पत्र पाठवले होते. ख्रिस्ती लोक पहाटे जमून ख्रिस्ताला देव मानून स्तोत्र गातात, असे त्यात लिहिले आहे. ही श्रद्धा नायसियाच्या दोनशे वर्षे आधीची आहे.

‘कॅथलिक मरियेची देवी म्हणून पूजा करतात.’ उपासना फक्त देवाची आणि संतांना केवळ आदर, हा भेद दुसऱ्या नायसिया परिषदेने 787 मध्येच नोंदवला.

‘निष्कलंक गर्भसंभव म्हणजे येशूचा कुमारीच्या पोटी जन्म.’ नाही. 1854 चा तो सिद्धांत मरियेच्या स्वतःच्या गर्भसंभवाविषयी आहे.

‘पोप कधीच चुकत नाही.’ 1870 च्या सिद्धांतानुसार हे फक्त श्रद्धा आणि नीतीबाबत औपचारिकपणे दिलेल्या निर्णायक शिकवणीला लागू होते. त्यानंतर अशी घोषणा एकदाच, 1950 मध्ये झाली.

या श्रद्धा पटल्याच पाहिजेत असे नाही. त्यांच्यावर टीकाही जरूर करावी. पण टीका धर्म जे शिकवतो त्यावर करा, चित्रपटात दाखवतात त्यावर नको. पुढच्या वेळी कुणी ‘फादरला सांगितलं की झालं’ म्हणाले, तर त्याला जक्कयाची गोष्ट सांगा. ती दहा ओळींची आहे आणि क्षमेनंतर काय करायचे असते, ते त्या दहा ओळींतच लिहिलेले आहे.