पाउलांची भाषा

चित्रपटात नटाची म्हणून ऐकू येणारी पाउले पुष्कळदा त्याची नसतात. अमेरिकेतील युनिव्हर्सल चित्रसंस्थेत १९२९ च्या सुमारास जॅक फोले यांनी ही कला घडविली. कलावंत पडद्यावरील नटाच्या चालीशी आपली चाल जुळवून ध्वनी नव्याने मुद्रित करतो. घोड्याच्या टापा करवंट्यांतून निघतात. पण पाउलांत चालणाऱ्याचे वय, वजन व मन उतरावे लागते. म्हणून शिकणाऱ्याने आधी कान घडवावा, मागाहून हात.

खजुरीसारख्या मराठी-कानडी सीमेवर आम्हांस या कलेचे मोल विशेष वाटते. चित्रपटाचे संवाद दुसऱ्या भाषेत घालताना मूळ संवादांसह मुद्रित झालेला पदरवही गळतो. स्वतंत्र मुद्रित केलेला तेवढा टिकतो. वाणी बदलते, पाऊल दोन्ही भाषांत तेच राहते.