तीन दिवसांच्या कोर्सवर इंजेक्शन देता येतं का? कायदा काय म्हणतो

ईद झाली की आपल्याकडे लग्नांची गडबड सुरू होते आणि मोहल्ल्यातल्या पार्लरना श्वास घ्यायला फुरसत नसते. अशातच माझी एक जुनी विद्यार्थिनी घरी आली. "मिस, आता मी फक्त मेंदी-मेकअप नाही करत. फिलर आणि ग्लोचं इंजेक्शनपण शिकले," असं म्हणत तिने मोबाईलवर सर्टिफिकेट दाखवलं. तीन दिवसांचा कोर्स, फी 35,000 रुपये. अम्मीच्या बांगड्या गहाण ठेवून भरलेली. मुलगी कष्टाळू आहे, म्हणून मुबारकबाद द्यायची होती, पण तोंडातून शब्द निघेना.

कारण आपल्या देशात चेहऱ्यावर क्रीम लावणं आणि चेहऱ्यात सुई टोचणं या कायद्याच्या दृष्टीने अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. बोटॉक्स हे औषध आहे, ते डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाही. ओठ किंवा गाल भरण्यासाठी वापरतात ते फिलर 'वैद्यकीय उपकरण' म्हणून 2017 च्या नियमांखाली येतात. ग्लुटाथिओन, ज्याला पार्लरवाले 'ग्लो' किंवा 'व्हाइटनिंग' म्हणतात, ते इंजेक्शन आपल्याकडे यकृताच्या आजारांसाठी आहे, गोरं करण्यासाठी त्याला मंजुरी नाही. (सावळ्या रंगात काय कमी आहे, हा प्रश्न सासरच्यांना कोणी विचारत नाही, ते असो.)

मग सुई कोणी धरायची? राष्ट्रीय वैद्यक आयोग कायदा, 2019 च्या कलम 34 नुसार नोंदणीकृत डॉक्टरांशिवाय कोणालाही आधुनिक वैद्यकाची प्रॅक्टिस करता येत नाही. केली तर एक वर्षापर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. महाराष्ट्रात 1961 चा वैद्यक व्यवसायी कायदा वेगळा आहेच. नर्स इंजेक्शन देऊ शकते, पण डॉक्टरांच्या सांगण्यावरून आणि त्यांच्या देखरेखीखाली, स्वतःचं दुकान मांडून नव्हे. पार्लरचं गुमास्ता लायसन्स हे धंद्याचं लायसन्स आहे, उपचाराचं नाही. आणि खासगी संस्थेचं 'कॉस्मेटॉलॉजी' सर्टिफिकेट कितीही सोनेरी अक्षरात छापलेलं असलं, तरी त्याने कोणी डॉक्टर होत नाही. 2022 मध्ये आयोगाने तर डॉक्टरांनाही बजावलं की, वर्कशॉपमध्ये किंवा यूट्यूबवर पाहून अशा सौंदर्य उपचारांचं पुरेसं प्रशिक्षण होत नाही. जिथे एमबीबीएसवाल्यांना हे सांगावं लागतं, तिथे दहावी झालेल्या मुलीचं काय?

आयुर्वेद आणि होमिओपॅथीच्या डॉक्टरांबद्दल वाचक नक्की विचारतील. पूनम वर्मा प्रकरणात 1996 साली सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की, ज्या पद्धतीचं शिक्षण नाही त्या पद्धतीने उपचार करणारा हा भोंदूच. आपल्या राज्यात त्यांना काही अटींवर आधुनिक औषधं वापरण्याच्या तरतुदी आहेत, त्यावर वादही आहेत. म्हणून बोर्डावरच्या 'डॉ.' वर न थांबता पदवी आणि नोंदणी क्रमांक विचारावा. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या वेबसाइटवर तो तपासता येतो. यात लाजण्यासारखं काही नाही, भाजी घेतानाही आपण उलटून पाहतो.

हा नुसता कागदी प्रश्न नाही. फिलर चुकून रक्तवाहिनीत गेलं तर रक्तपुरवठा बंद पडून त्वचा काळी पडते, नाक-कपाळाजवळ तर दृष्टीही जाऊ शकते. अशा वेळी ते विरघळवणारं औषध ताबडतोब द्यावं लागतं, पार्लरच्या कपाटात ते कुठून असणार? आणि निष्काळजीपणामुळे जीव गेला, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम 106 मध्ये पाच वर्षांपर्यंत कैद आहे. नोंदणीकृत डॉक्टरच्या हातून उपचार करताना तसं झालं तर मर्यादा दोन वर्षांची. म्हणजे पकडली जाणार ती सुई टोचणारी मुलगी, आणि सवलत तिला नाही. कोर्स विकणारा तोवर दुसऱ्या शहरात.

असे उपचार जायज की नाजायज, हे उलेमांना विचारा, तो माझा विषय नाही. पण कोणाला त्रास झाला असेल तर बाटली, बिल, व्हॉट्सअॅपवरचे मेसेज फेकू नका. आधी सरकारी किंवा मोठ्या दवाखान्यात त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. बोगस डॉक्टरची तक्रार महापालिकेच्या किंवा जिल्हा परिषदेच्या आरोग्य विभागाकडे आणि पोलिसांकडे करता येते, संशयास्पद औषधाची अन्न व औषध प्रशासनाकडे. बाटलीवर फक्त कोरियन अक्षरं आणि आयात परवान्याचा क्रमांक नाही, एवढंही संशयाला पुरे.

त्या मुलीने दोन ब्रायडल ऑर्डरमधून इंजेक्शन काढून टाकलं, मेंदी-मेकअप चालू आहे. फी परत मागणारं पत्र तिने स्वतः लिहिलं, मी फक्त शुद्धलेखन तपासलं. उत्तर आलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोगात जायचं ठरलंय. बांगड्या अजून सावकाराकडेच आहेत.