कुत्र्याची लूत आणि घरातली खाज

वस्तीतलं कुत्रं लुतीनं उघडं पडलं की इलाज ठरलेला: गॅरेजमधलं जळकं ऑइल, नाहीतर रॉकेल. कुत्रं ते चाटतं, विष पोटात जातं, सोललेली कातडी आणखी भाजते. लुतीचा किडा गोचिडासारखा वर चिकटत नाही, कातडीत बीळ करून अंडी घालतो. आकार अर्ध्या मिलिमीटरहून कमी.

लूत आधी कानांच्या कडा, कोपरं आणि पोटाखाली दिसते. कानाची कड चोळली की कुत्र्याचा मागचा पाय आपोआप खाजवल्यासारखा हलतो. जनावरांचे डॉक्टरही ही खूण बघतात. (करून बघायचंच तर घरच्या कुत्र्यावर, हातात पिशवी घालून.) औषध आहे. आयव्हरमेक्टिन, जपानच्या मातीतल्या जिवाणूपासून निघालेलं. २०१५ च्या नोबेलात या शोधाचा वाटा होता. पण डोस वजनावर ठरतो. शेळ्यांसाठी आणलेल्या बाटलीतून अंदाजानं टोचू नका, कुत्रं दगावतं. सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारा. एकत्र झोपणाऱ्या सगळ्या कुत्र्यांवर एकाच वेळी उपचार हवेत, आणि एका इंजेक्शनवर काम भागत नाही.

आता आपलं. लुतीच्या कुत्र्याला कवटाळणाऱ्या पोरांच्या हातांवर, पोटावर लाल पुरळ उठतं. पण कुत्र्याचा किडा माणसाच्या अंगावर पिढी वाढवू शकत नाही. कुत्रं बरं झालं की हे पुरळही काही आठवड्यांत जातं.

रात्री खाज वाढते, बोटांच्या बेचक्यांत, मनगटावर, कमरेला, जांघेत पुरळ आहे आणि घरात दोघा-तिघांना तेच आहे? मग ती माणसांची खरूज. किडा त्याच जातकुळीतला, पण माणसावरच पोसणारा. कुत्र्याला हाकलून ती जाणार नाही. कळंब, भूम, वाशीकडून ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबांच्या कोपीत, पोरांच्या वसतिगृहात, एका गोधडीत तिघं झोपतात तिथं ती पसरते. ‘वस्तीतले लोक घाण राहतात म्हणून’ असं दवाखान्यात कुणी म्हणालं तर ऐकून घेऊ नका. रोज साबण लावणाऱ्यालाही खरूज होते. एका खोलीत सात माणसं राहतात, हे खरं कारण.

डॉक्टर बहुधा परमेथ्रिन ५ टक्के मलम देतात. मानेपासून तळव्यापर्यंत, नखांखालीसुद्धा, रात्री लावायचं आणि सकाळी धुवायचं. घरातल्या सगळ्यांनी एकाच रात्री. ज्याला खाज नाही त्यानंही, कारण पहिल्यांदा किडा लागला की खाज सुटायला चार ते सहा आठवडे लागतात. सात दिवसांनी पुन्हा एकदा. त्याच सकाळी अंथरूण-कपडे गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात टाका. तान्ह्या बाळासाठी आणि गरोदर बाईसाठी आधी डॉक्टरांना विचारा. किडे मेल्यावरही दोन-तीन आठवडे खाज राहू शकते, म्हणून रोज मलम चोपडू नका.

मेडिकलवाल्यानं दिलेली स्टेरॉइडची ट्यूब मात्र नको. तिनं खाज दबते, खरूज ओळखू येत नाही आणि किडे वाढत राहतात.

खाजवून झालेल्या जखमांत पू झाला तर थांबू नका. त्यातले जंतू कधीकधी मूत्रपिंडाला सूज आणतात. पोराचा चेहरा सकाळी सुजलेला दिसला, लघवी कमी झाली किंवा चहासारखी लालसर झाली, तर त्याच दिवशी सरकारी रुग्णालयात न्या आणि अंगावर खरूज होती हे सांगा.