जुना गीझर बदलतांना
(नभोवाणीवरील भाषण)



घरांतला तांब्याचा बंब गळूं लागला, म्हणजे पूर्वी तो तांबटाकडे जात असे. पुण्याच्या तांबट आळींत त्याचें छिद्र बुजविलें जाई, आणि तोच बंब पुनः कित्येक वर्षें न्हाणीघरांत धूर सोडीत उभा राही. आज त्याच्या जागीं जो विजेचा गीझर आला आहे, त्याच्या वांट्याला हें दीर्घायुष्य नाहीं. ८-१० वर्षें झालीं कीं तो कुरकुरूं लागतो. मग घरांत दोन प्रश्न उभे राहतात. आहे तो दुरुस्त करावा कीं नवा घ्यावा? आणि नवा घ्यावयाचा, तर खर्च किती येईल? पहिल्या प्रश्नाचें उत्तर गीझरच्या पोटांत आहे. दुसऱ्याचें उत्तर दुकानांतल्या किंमतीच्या चिठ्ठीवर असतें असें आपणांस वाटतें. परंतु तें तसें नाहीं.

प्रथम गीझरचें पोट पाहूं. आंत एक बंद टाकी असते. तिच्यांत पाणी तापविणारी कॉईल, पाणी पुरेसें तापतांच वीज तोडणारा थर्मोस्टॅट, तोही बिघडला तर धांवून येणारा कट-आउट, आणि दाब फाजील वाढल्यास त्याला वाट करून देणारा सेफ्टी वॉल्व्ह, अशी ही मंडळी. टाकीभोंवतीं उष्णता धरून ठेवणाऱ्या फोमचें अस्तर असतें. पुष्कळ गीझरांत शिवाय मॅग्नेशियमची एक कांडी बसविलेली असते. तिचें काम मोठें परोपकारी आहे. टाकीचें लोखंड गंजावयाचें, त्याऐवजीं ही कांडी स्वतः झिजते. ती संपली, म्हणजे गंज टाकीकडे वळतो. म्हणून दोनएक वर्षांनीं गीझर उघडून ती पाहावी, आणि झिजली असल्यास बदलावी. कूपनलिकेचें किंवा टँकरचें जड पाणी वापरणाऱ्या घरांनीं तर हें अगत्य करावें. कारण तेथें कॉईलवर क्षारांचें कवचही लवकर चढतें.

आतां निवाडा सोपा होतो. पाणी तापतच नाहीं, फार वेळानें तापतें, किंवा वाजवीपेक्षां अधिक तापतें, या तक्रारी बहुधा कॉईलच्या किंवा थर्मोस्टॅटच्या असतात. हे भाग बदलतां येतात, आणि खर्च कांहीं शेंकड्यांपासून दीड-दोन हजार रुपयांपर्यंत येतो. तेवढ्यासाठीं चांगला गीझर भंगारांत देणें हा अपव्यय होय. परंतु टाकीच फुटली, तर तिला डागडुजी नाहीं. तेथें नवा गीझरच घ्यावा. मात्र गळती खरोखर टाकीचीच आहे, याची खात्री आधीं करून घ्यावी. जोडनळीच्या टोकाची रबरी चकती झिजली तरी भिंतीला ओल येते. पाणी तापत असतांना सेफ्टी वॉल्व्हमधून चार थेंब पडणें, हा तर दोषच नव्हे. तो वॉल्व्ह आपलें काम करीत असतो, आणि त्याचें तोंड कोणी बुजवूं नये. उलट केवळ गरम पाण्याच्या तोटींतून तांबूस पाणी येऊं लागलें, तर टाकी आंतून गंजत आहे असें समजावें.

नवा गीझर घ्यावयाचें ठरलें, म्हणजे खर्चाचे तीन भाग पडतात. पहिला वस्तूच्या किंमतीचा. १५ लिटरचा बरा गीझर साधारणतः ६ ते १० हजार रुपयांस मिळतो. २५ लिटरच्यास दोन-तीन हजार अधिक पडतात. दुसरा बसविण्याचा. नव्या जोडनळ्या, वॉल्व्ह आणि मजुरी मिळून हजार-दीड हजार धरावे. जुनी वायर बदलावी लागली तर अधिक. तिसरा भाग विजेचा, आणि तोच सर्वांत मोठा.

त्याचा हिशेब घरच्या घरीं करतां येतो. १ लिटर पाणी १ अंशानें तापविण्यास १ किलोकॅलरी उष्णता लागते, आणि विजेच्या एका युनिटांतून ८६० किलोकॅलरी मिळतात. हिंवाळ्यांत नळाचें पाणी २० अंशांचें आहे आणि स्नानाला ४० अंशांचें हवें, असें समजा. २० लिटरच्या एका बादलीस ४०० किलोकॅलरी, म्हणजे अर्ध्या युनिटाहून किंचित् कमी वीज लागेल. चार माणसांस रोज सुमारें २ युनिटें झालीं. उन्हाळ्यांत हा आंकडा पुष्कळ उतरतो. म्हणून वर्षाचीं सुमारें ५०० युनिटें धरूं. युनिटाला १० रुपये पडत असतील, तर वर्षाला ५,००० आणि १० वर्षांत ५०,००० रुपये. आपापल्या बिलांतील दर घालून हा गुणाकार प्रत्येकानें करून पाहावा. दुकानांत ज्या ५०० रुपयांसाठीं आपण घासाघीस करतों, ते या रकमेपुढें किती लहान आहेत, हें तेव्हां ध्यानांत येईल.

मग अधिक ताऱ्यांचा गीझर घेतला कीं बिल उतरेल काय? येथें एक गैरसमज दूर करणें अवश्य आहे. ऊर्जा संवर्धन कायदा २००१ सालीं झाला, आणि त्या कायद्यान्वयें स्थापन झालेल्या ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोची ताऱ्यांची चिठ्ठी गीझरवर असते. पण कॉईल कोणतीही असो, विजेची जवळजवळ सर्व उष्णता पाण्यांतच उतरते. तेथें एक तारा आणि पांच तारे सारखेच. ताऱ्यांत फरक पडतो तो तापलेलें पाणी नुसतें उभें असतांना किती उष्णता गमावतें, याचा. म्हणून ज्या घरांत गीझर दिवसभर चालू राहतो, तेथें पांच ताऱ्यांचा उपयोग मोठा. जेथें स्नानापूर्वीं थोडा वेळ चालू करून पाणी लगेच वापरतात, तेथें तो थोडा. बटन वेळेवर बंद करणारा हात, हा सहावा तारा समजावा, आणि तो फुकट मिळतो.

आकाराविषयींही थोडें. १५ लिटर पाणी ६० अंशांपर्यंत तापवून थंड पाण्यांत मिसळलें, तर ४० अंशांचें ३० लिटर, म्हणजे दीड बादली होतें. २५ लिटरचें अडीच बादल्या. २ किलोवॅटच्या कॉईलला १५ लिटर इतके तापविण्यास सुमारें २१ मिनिटें लागतात. ३ किलोवॅटचा तात्काळ गरम करणारा लहान गीझर मिनिटाला जेमतेम २ लिटर ऊन पाणी देतो. स्वयंपाकघराला तो पुरे, स्नानाला धीर हवा.

शेवटीं, जेथें काटकसर करूंच नये अशा गोष्टी. पाण्याच्या दर १० मीटर उंचीमागें सुमारें १ बार दाब वाढतो. त्यामुळें उंच इमारतींत गच्चीवरच्या टाकीचा खरा भार वरच्या नव्हे, तर खालच्या मजल्यावरील गीझरवर येतो. तेथें ८ बार दाब सोसणाराच गीझर घ्यावा. ३ किलोवॅटचा गीझर १३ अँपियर वीज ओढतो. त्याला १६ अँपियरचा स्वतंत्र प्लग, पुरेशी जाड वायर आणि खरें अर्थिंग हवें. त्या जोडीला ३० मिलिअँपियरच्या गळतीला वीज तोडणारा स्विच बसवावा. नळाला हात लागतांच झिणझिण्या आल्या, तर तेथेंच वीज बंद करून वायरमनला बोलवावें. स्वस्त पडतो म्हणून गॅसचा गीझर बंद न्हाणीघरांत लावणें हें तर प्राणाशीं खेळणें आहे. अपुऱ्या हवेंत जळणाऱ्या गॅसमधून कार्बन मोनॉक्साईड निघतो. त्याला रंग नाहीं, वास नाहीं, आणि माणूस सावध होण्यापूर्वींच बेशुद्ध होतो.

तेव्हां गृहस्थांनीं व गृहिणींनीं खरेदीला निघतांना तीन आंकडे कागदावर लिहून न्यावे: घरांत रोज किती बादल्या लागतात, इमारतीच्या टाकीपासून आपला मजला किती खालीं आहे, आणि विजेचा दर काय आहे. हे आंकडे हातीं असले, म्हणजे दुकानदाराच्या स्तुतिपाठाची गरज उरत नाहीं. आणि अर्थिंगवर व वॉल्व्हवर चार पैसे अधिक गेले, तर ते खर्चाच्या नव्हे, घरच्यांच्या सुरक्षिततेच्या खात्यावर मांडावे.